आईवडलांसाठी छोटं असिस्टेड लिव्हिंग बघायला जाताय? काय बघायचं, काय विचारायचं

पुण्यात सिंहगड रोड, धायरी, वाघोली, तळेगाव, मुंबईच्या बाजूला बदलापूर, नेरळ, कर्जत, अशा भागात बंगल्यात किंवा एखाद्या बिल्डिंगच्या एकदोन मजल्यांवर चालणारी दहा-वीस बेडची केअर सेंटर्स आता बरीच झालीत. बोर्डावर कुणी वृद्धाश्रम लिहितं, कुणी असिस्टेड लिव्हिंग, कुणी एल्डर केअर. आणि आपल्याकडे होतं काय, तर आई पडते, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी घाबरून शोधाशोध सुरू होते, मग जो पहिला फोन उचलेल आणि बेड आहे म्हणेल तिथे अ‍ॅडमिशन. असं करू नका प्लीज. घरात पंच्याहत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर गरज नसतानाच दोनतीन जागा बघून ठेवा. मी आत्यासाठी हे सगळं केलंय आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच लोकांबरोबर अशा जागा बघायला गेलेय, त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपलं माणूस आज कसं आहे त्यावरून जागा निवडू नका. त्या जागेत सगळ्यात जास्त आजारी कोण आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, कुणाला स्वतःचं काही सांगता येत नाही, ते बघा आणि त्या माणसाला कसं ठेवलंय ते बघा. बागेत खुर्चीवर बसून पेपर वाचणारे आजोबा कुठेही छानच दिसतात, ते स्वतःचं स्वतः करतात. आपली आई वर्षा-दोन वर्षांनी त्या कोपऱ्यातल्या बेडवर असू शकते आणि तेव्हा तिला तक्रार करता येणार नाहीये.

आधी घरी बसून कागदावर लिहा

अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, बेडवरून खुर्चीत आणि खुर्चीतून बेडवर जाणं, लघवी-संडासवर कंट्रोल असणं, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. या सहा गोष्टी लिहून प्रत्येकीपुढे लिहा, स्वतः करतात / कुणीतरी जवळ उभं लागतं / पूर्ण करून द्यावं लागतं. डॉक्टर आणि नर्सेस पण साधारण याच सहा गोष्टींवरून माणसाला किती मदत लागते ते ठरवतात. मग खाली बाकीचं: रात्री कितीदा उठतात, इन्सुलिन आहे का, कॅथेटर किंवा नाकातली नळी आहे का, विसरायला होतं का, घरातून बाहेर निघून गेले होते का कधी, कानाचं मशीन, कवळी, पथ्य, वजन. वजन आवर्जून लिहा, ऐंशी किलोच्या माणसाला उचलायला दोन जण लागतात आणि रात्री ड्यूटीला एकच मावशी, म्हणजे सांभाळणारी बाई, असेल तर तो सरळ सरळ प्रॉब्लेम आहे.

यात लाजून काही लपवू नका. आई रात्री ओरडते, बाबा मावशीच्या अंगावर हात उगारतात, हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर आठवड्याभरात फोन येतो की घेऊन जा.

हा कागद झाला की कुठल्या प्रकारची जागा हवी ते आपोआप कळतं. सीनियर सिटिझन्ससाठी फ्लॅटच्या स्कीम असतात तिथे चालतंफिरतं माणूस राहू शकतं, पण तिथे कुणी अंघोळ घालत नाही. ट्रस्टचे वृद्धाश्रम बऱ्याचदा स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. सरकारी बाजू बघायची तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम राज्य सरकारने उभे करावेत असं आहे, पण ते निराधार लोकांसाठी. ज्यांना रोज हाताला धरून सगळं करावं लागतं पण हॉस्पिटलची गरज नाही त्यांच्यासाठी ही छोटी असिस्टेड लिव्हिंग सेंटर्स.

छोट्या जागेचं चांगलं म्हणजे सगळे सगळ्यांना ओळखतात, आजींना चहात साखर किती हे मावशीला पाठ असतं. वाईट म्हणजे सगळं एका मालकिणीवर आणि दोन-तीन मावश्यांवर उभं असतं. ती मालकीण आठ दिवस गावाला गेली तर कोण बघतं, हा प्रश्न फोनवरच विचारा. नाव आणि नंबरासकट उत्तर आलं तर बघायला जा.

बघायला कधी जायचं

पहिल्यांदा वेळ ठरवून जा, मालकांशी बोला, सगळं नीट दाखवतील. दुसऱ्यांदा न सांगता जा, आणि संध्याकाळी सहा ते आठच्या मधे जा. या वेळेला ड्यूटी बदलत असते, रात्रीचं जेवण चालू असतं आणि डिमेन्शियाच्या बऱ्याच पेशंट्सचा गोंधळ नेमका संध्याकाळी वाढतो, कुणी घरी जायचंय म्हणून दाराशी उभं असतं, कुणी रडत असतं. अशा वेळी मावशी काय करते? ओरडते, दुर्लक्ष करते, का हात धरून दोन फेऱ्या मारून आणते? तिथे दहा मिनिटं गप्प बसून बघा फक्त. न सांगता आलेल्या नातेवाइकांना आत सोडतच नसतील तर माझ्या मते विषय तिथेच संपला. दुपारी झोपायची वेळ सोडून या, असं म्हणणं ठीक आहे, पण फक्त रविवारी अकरा ते एक असं असेल तर नाही.

सणाच्या दिवशी जमलं तर उत्तमच. दिवाळीत, गणपतीत मावश्या गावी जातात, आणि उरलेल्या दोघींवर सगळं घर येतं.

वासाबद्दल: सकाळी डायपर बदलायच्या वेळी वास येणारच, त्यावरून मत करू नका. दुपारी चारला पण तोच वास असेल तर मात्र डायपर वेळेवर बदलत नाहीयेत. आणि फिनेलचा खूपच उग्र वास असेल तर जरा थांबून सगळ्या खोल्यांमधून फिरा.

माणसांकडे बघा, भिंतींकडे नंतर

अंथरुणावरच्या आजी-आजोबांची नखं बघा. नखं कापलेली आणि आतून स्वच्छ आहेत का, आजोबांची दाढी केलीय का, डोळ्यांच्या कोपऱ्यात घाण साचलीय का, ओठ कोरडे पडलेत का. टाचा दिसत असतील तर टाचा बघा, कारण एकाच कुशीवर पडून राहिलं की बेडसोर कमरेखाली आणि टाचेला येतो, आणि एकदा खोल गेला की भरायला महिने लागतात. जे स्वतः हलू शकत नाहीत त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला लागते, रात्रीसुद्धा. विचारा की कूस बदलल्याची नोंद कुठे करता, तो कागद दाखवा. एअर बेड घातलाय तर त्याचा पंप चालू आहे का तेही बघा, बटण बंद करून मोबाईल चार्जिंगला लावलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

मनगटांवर वळ आहेत का? काही ठिकाणी रात्री उठून चालणाऱ्या माणसाला पट्टीने बेडला बांधतात, किंवा झोपेचं औषध देऊन गप्प ठेवतात. हे सरळ "तुम्ही बांधता का" असं विचारलं तर नाहीच म्हणतील. त्यापेक्षा असं विचारा, "आमची आई रात्री चारपाच वेळा उठते, मग तुम्ही काय करता?" आणि पुढे काही न बोलता ऐका. बेड खाली घेतो, बाजूला गादी टाकतो, मावशी त्याच खोलीत झोपते, संडासला नेऊन आणतो, अशी उत्तरं चांगली. "काही काळजी करू नका, आम्ही शांत झोपवतो" हे ऐकलं की मला धडकी भरते. झोपेचं किंवा मन शांत करायचं कुठलंही औषध डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीशिवाय आणि तुम्हाला फोन केल्याशिवाय सुरू करायचं नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी द्या.

प्रत्येकाचा टॉवेल, साबण, कंगवा, कवळीची डबी वेगळी आणि नाव लिहिलेली आहे का? एका टॉवेलवर चार जण म्हणजे एकाला खरूज झाली की सगळ्या घराला.

बाथरूम

बाथरूमला निदान पाच मिनिटं द्या, कारण पडतात ते इथेच. खोलीतून बाथरूममधे जाताना उंबरा आहे का, असेल तर वॉकर कसा जाणार. कमोडच्या बाजूचा दांडा हाताने जोरात ओढून बघा, भिंतीत पक्का बसवलाय का टाइल्सवर नुसता चिकटवलाय. फरशी ओली करून पाय ठेवून बघा. दार आतून कडी लावलं तर बाहेरून उघडतं का. व्हीलचेअर दारातून जाते का, याला टेप घेऊन गेलात तर बरं, दार ९०० मिलिमीटर म्हणजे साधारण तीन फूट हवं. बाहेर रॅम्प असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी हा हिशोब, त्यापेक्षा उभा असेल तर तो फक्त दाखवायला केलाय, मावशी एकटी खुर्ची चढवू शकणार नाही. बेडवरून हात पोचेल अशी बेल आहे का, ती दाबा आणि कोण किती वेळात येतं ते बघा.

बंगला असेल तर झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर आहेत का, लिफ्टला बॅकअप आहे का, लाइट गेली की ऑक्सिजनचं मशीन कशावर चालतं. फायर एक्स्टिंग्विशरवर रिफिलची तारीख असते ती वाचा. खिडक्यांना पूर्ण ग्रिल असेल तर आग लागली की बाहेर कुठून पडायचं ते दाखवायला सांगा.

जेवण आणि औषधं

जेवणाच्या वेळी थांबून एका माणसाला भरवताना बघाच. पाठ सरळ करून बसवून भरवतात का आडवं ठेवून? आडवं ठेवून भरवलं की ठसका लागतो, अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो, म्हाताऱ्या माणसांमधे हे फार कॉमन आहे. एक घास गिळून झाल्यावर दुसरा देतात का, मधे पाणी देतात का, भरवताना मावशी त्यांच्याशी बोलते का. मऊ भात, भाकरी दुधात चुरून, पातळ वरण, दात नसलेल्या माणसाला चावता येईल असं काही आहे का, का सगळ्यांना एकच पोळी-भाजी. आणि एक हिशोब करा. बऱ्याच ठिकाणी रात्रीचं जेवण साडेसहाला आटपतात आणि सकाळचा नाश्ता साडेआठला, म्हणजे मधे चौदा तास. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाला एवढी गॅप धोक्याची आहे, पहाटे शुगर खाली जाते आणि ते झोपेत आहेत असंच सगळ्यांना वाटतं. झोपताना दूध-बिस्कीट देतात का, विचारा.

औषधांचं कपाट उघडून दाखवायला सांगा. प्रत्येकाच्या नावाचा डबा, प्रत्येकाचा चार्ट, आणि दिल्यावर सही. चार्टवर आज रात्रीच्या डोसची सही दुपारीच करून ठेवली असेल तर तो चार्ट खोटा आहे. इन्सुलिन कोण टोचतं, ती नर्स जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली आहे का आठ दिवस बघून शिकलेली आहे, आणि ती किती ते किती असते. बऱ्याच ठिकाणी नर्स फक्त दिवसा असते, ते चालू शकतं, पण मग रात्रीच्या इंजेक्शनचं काय ते ठरवून घ्या.

मावश्या

सगळी जागा शेवटी मावश्यांवर आणि ब्रदर लोकांवर, म्हणजे पुरुष मदतनिसांवर, चालते. त्यांच्याशी मालक नसताना बोला, चौकशी केल्यासारखं नाही, असंच. ताई, किती वर्षं झाली इथे? गाव कुठलं? सुट्टी मिळते का? दोनतीन वर्षं टिकलेली माणसं असतील तर बहुतेक पगार वेळेवर होतो आणि जागा बरी आहे. सगळेच गेल्या महिन्यात माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेले असतील तर विचार करा. दिवसा किती आणि रात्री किती जण, पेशंट किती, त्यातले पूर्ण बेडवर किती, हे चार आकडे लिहून घ्या. पंधरा पेशंट, त्यातले सहा बेडवर आणि रात्री एकच मावशी, तर दोन तासांनी कूस बदलणं होणारच नाही, कितीही चांगली बाई असली तरी.

भाषा पण बघा. डिमेन्शियात नंतर शिकलेली भाषा आधी जाते, बऱ्याचदा लहानपणची बोलीच राहते. मुलगा बंगलोरला आहे म्हणून आईला तिकडच्या सेंटरमधे ठेवलं आणि तिथे मराठी समजणारं एकही माणूस नाही, तर दुखतंय कुठे हे ती कुणाला सांगणार? निदान एक तरी माणूस तिच्या भाषेतलं हवं.

रात्री दोन वाजता काय होतं

तीन गोष्टी नीट विचारा. एक, तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलला नेता आणि १०८ ला फोन कोण करतं. दोन, हॉस्पिटलमधे अ‍ॅडमिट केल्यावर पेशंटजवळ कोण थांबतं, कारण आपल्याकडे बहुतेक हॉस्पिटलं नातेवाईक हवाच म्हणतात, आणि सेंटरची मावशी थांबली तर वेगळे पैसे किंवा थांबतच नाही. मुलं अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात असतील तर इथला एक माणूस लेखी नेमून ठेवा, जो सही करू शकेल आणि रात्री फोन उचलेल. तिसरी गोष्ट बोलायला जड जाते, पण विचाराच: तिथेच मृत्यू झाला तर सर्टिफिकेट कोण देणार? हॉस्पिटलबाहेर मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा फॉर्म ४-अ लागतो आणि तो आधीपासून उपचार करणारा डॉक्टरच देतो. सेंटरला नियमित येणारा डॉक्टर नसेल, किंवा तो रात्री येत नसेल, तर त्या अवस्थेत पोलीस स्टेशन, पोस्टमॉर्टेम असं सगळं मागे लागू शकतं. जे सेंटर याचं शांतपणे, नीट उत्तर देतं त्यांनी हे आधी निभावलेलं असतं.

पैसे आणि कागद

महिन्याच्या फीमधे काय येतं आणि काय नाही ते लिहून घ्या. डायपर, औषधं, डॉक्टर व्हिजिट, फिजिओ, लाँड्री, बेडवर गेल्यावरचा जादा चार्ज, हे सगळं सहसा वेगळं. नुसते डायपर बघा, दिवसाला चार आणि एक चाळीस रुपयांना धरला तरी महिन्याला ४,८०० झाले. मेडिक्लेम साधारणपणे हॉस्पिटलच्या अ‍ॅडमिशनला असतो, या फीला नाही. सत्तरच्या पुढच्या सगळ्यांना २०२४ पासून मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्ड, ५ लाखांपर्यंतचं, तेही हॉस्पिटलसाठीच, पण ते काढून ठेवा.

करारात डिपॉझिट किती दिवसांत परत, हॉस्पिटलमधे असताना फी पूर्ण का कमी, दरवाढ वर्षाला किती, आणि "प्रकृती खालावल्यास नातेवाइकांनी घेऊन जावे" अशी ओळ आहे का ते बघा. ती असेल तर किती दिवसांची मुदत ते लिहून घ्या. रजिस्ट्रेशन कशाचं आहे तेही बघायला मागा. नुसता गुमास्ता, म्हणजे दुकानाचं लायसन, आहे आणि आत नळ्या, ऑक्सिजन, सलाईन सगळं चालू, तर नर्सिंग होमचं रजिस्ट्रेशन आहे का हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

एटीएम कार्ड, चेकबुक, ओरिजिनल आधार सेंटरकडे देऊ नका, झेरॉक्स द्या. नोव्हेंबरमधे पेन्शनचा हयातीचा दाखला लागतो, तो आता मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, तुम्ही भेटायला गेलात की करून टाका. आणि आईकडून कुणी घर नावावर करून घेऊन नंतर बघत नसेल तर त्याच २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे, सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळलं नाही तर परत मागता येते, त्यासाठी प्रांत ऑफिसमधल्या ट्रिब्युनलकडे जायचं. ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली असेल तर काम सोपं होतं.

ठेवायच्या आधी आणि ठेवल्यावर

ज्यांना राहायचंय त्यांना विचारा आणि दाखवायला न्या. फसवून, "दोन दिवस डॉक्टरकडे जायचंय" असं सांगून नेऊ नका, तो विश्वास परत येत नाही. शक्य असेल तर आधी पंधरा दिवस-महिना ट्रायल ठेवा, बहुतेक छोटी सेंटर्स शॉर्ट स्टे देतात. घरून त्यांची उशी, शाल, देवाचा फोटो, रेडिओ, जे रोज हाताला लागतं ते न्या.

काही ठिकाणी सांगतात की पहिले पंधरा दिवस भेटायला येऊ नका, सेट होऊ देत. हे मला अजिबात पटत नाही. थोडा वेळ जा पण जा, वेगवेगळ्या वेळेला जा. ठेवायच्या दिवशी वजन करून तारखेसकट लिहून ठेवा आणि मग दर महिन्याला करायला सांगा, खाणं कमी पडतंय का हे वजनावरून सगळ्यात आधी कळतं. अंघोळीच्या वेळी एकदा जाऊन पूर्ण अंग बघा, पाठ, कंबर, टाचा. निळं-काळं काही दिसलं तर तिथल्या तिथे फोटो काढा आणि कसं झालं ते लेखी मागा. एखाद्या वेळी पडू शकतात, पण ते तुम्हाला त्यांनी फोन करून सांगायला हवं, तुम्हाला शोधून काढायला लागायला नको. उत्तर मिळत नसेल किंवा मारहाण, उपासमार असं काही वाटत असेल तर १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन आहे, फोन करा, आणि तोपर्यंत माणसाला तिथून हलवा, डिपॉझिटचं नंतर बघता येईल.